पोरांची गाणी, मोठ्यांच्या सह्या

१९५७ साली दक्षिण फिलाडेल्फियात एका पोलिसाला हृदयविकाराचा झटका आला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा घराच्या पायऱ्यांवर सुन्न बसला होता. तेवढ्यात बॉब मार्कुची नावाचा एक रेकॉर्ड कंपनीवाला तिथे आला. मुलाची विचारपूस करता करता त्याने विचारलं, गाण्याच्या धंद्यात यायचंय का? पोराने त्याला तिथल्या तिथे झाडलं. पण वडील कामावर जाण्याच्या अवस्थेत नव्हते आणि घरात पैसा हवा होता, त्यामुळे पुढे तो तयार झाला. गाता येतं का, याची मार्कुचीला फारशी चिंता नव्हती. चेहरा एल्विस प्रेस्लीच्या वळणाचा होता, केस छान होते. १९५९ मध्ये या मुलाचं ‘टायगर’ हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. मुलाचं नाव फेबियन.

रॉक अँड रोलचा इतिहास सांगणाऱ्यांना हा किस्सा फार आवडतो. एल्विस सैन्यात गेला तेव्हापासून बीटल्स अमेरिकेत उतरले तोपर्यंतची, म्हणजे १९५८ ते १९६४ ही वर्षं म्हणजे नुसता पाणचट काळ, गोऱ्यागोमट्या पोरांना पुढे करून चालवलेलं दुकान, असं ते म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. दुकान होतं यात शंका नाही. पण विकत घेणारी पोरं, गाणारी पोरं आणि कितीदा तर गाणी लिहिणारीही विशीच्या आतबाहेरची पोरं, असं याआधी कधी घडलं नव्हतं. कराराच्या कागदावरची सही तेवढी मोठ्यांच्या ताब्यात होती. त्या काळातलं बरंवाईट सगळं या एका फटीतून आत आलं.

आधी पैशाचं बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली आणि घरातल्या पोराला शाळा सोडून कामाला जुंपण्याची गरज उरली नाही. उलट त्याच्याच हातात पॉकेटमनी खुळखुळू लागला, वर सुट्टीतल्या छोट्यामोठ्या कामांची कमाई. ऑगस्ट १९५९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने हिशेब मांडला की अमेरिकेतली किशोरवयीन मुलं वर्षाला १० अब्ज डॉलरची बाजारपेठ झाली आहेत. यात खाणंपिणं, कपडे, मोटारी सगळं आलं. गाण्यांचा वाटा त्या मानाने लहानच. पण गाणं ही या वयाची निशाणी होती, म्हणून व्यापाऱ्यांचं लक्ष तिकडे जास्त.

माल विकायला भांडंही तसंच लागतं. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी आणली. आधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, जड आणि हातातून पडली की तुकडेच. ही नवी व्हिनाइलची होती, हलकी, सहसा न फुटणारी, दप्तरात घालून मैत्रिणीकडे नेता येईल अशी. एका बाजूला एक गाणं, जेमतेम तीन मिनिटांचं, आणि किंमत डॉलरच्या आत. तिच्यासाठीचं छोटं रेकॉर्ड प्लेअर मुलांच्या खोलीत मावायचं. १९५४ च्या अखेरीस रीजन्सी कंपनीचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. त्याची किंमत ४९ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तेव्हा महागच, पण पुढच्या काही वर्षांत असे रेडिओ स्वस्त होत गेले. दिवाणखान्यातल्या रेडिओवर काय लागणार हे वडील ठरवायचे. खिशातल्या रेडिओवर त्यांची सत्ता चालत नव्हती.

आपल्याकडे तेव्हा हे शक्यच नव्हतं. आपल्याकडचा रेडिओ अख्ख्या घराचा, कधी अख्ख्या वाड्याचा असायचा. रॉक अँड रोल आला तोही सिनेमातून. १९५७ च्याच ‘आशा’मध्ये पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, ‘ईना मीना डीका’ केलं. त्यावर आजोबा आणि नातू दोघेही ठेका धरायचे. फक्त पोरांचं असं वेगळं गाणं, मोठ्यांनी नाक मुरडावं म्हणूनच आवडणारं, ही चीज आपल्याकडे यायला बराच काळ जावा लागला.

अमेरिकेत मात्र नाकं जोरात मुरडली जात होती. १९५६ मध्ये एल्विसने टीव्हीवर कंबर हलवली तेव्हा पाद्री, शिक्षक, पालक सगळेच हादरले. त्याहून मोठी भीती उघड बोलली जात नव्हती. हे संगीत मुळात कृष्णवर्णीयांचं होतं आणि गोरी पोरं त्यावर नाचत होती. कंपन्यांनी यावर एक तोडगा आधीच काढला होता. फॅट्स डॉमिनो किंवा लिटल रिचर्ड अशा कृष्णवर्णीय गायकाचं गाणं चाललं की तेच पॅट बून या सभ्य, गोऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाकडून गाऊन घ्यायचं. डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ १९५५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते बूनच्या आवाजात.

मग दोनच वर्षांत मैदान मोकळं झालं. १९५७ च्या शेवटी लिटल रिचर्ड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना गाणं सोडून धर्माकडे वळला. मार्च १९५८ मध्ये एल्विस सैन्यात दाखल झाला. जेरी ली लुईस या रॉक अँड रोल गायकाची बायको तेरा वर्षांची आणि नात्यातली आहे हे इंग्लंडच्या दौऱ्यात फुटलं आणि त्याचा बाजार उठला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी आयोवात विमान कोसळून गायक बडी हॉली गेला, त्याच्यासोबत सतरा वर्षांचा गायक रिची व्हॅलन्सही. मागणी तशीच होती, पुरवठा तुटला होता. ही पोकळी भरण्याची सगळ्यात चोख व्यवस्था फिलाडेल्फियात तयार होती.

तिथे ४६ वी स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीट जिथे मिळतात त्या भागात डब्ल्यूएफआयएल या टीव्ही केंद्राचा स्टुडिओ होता. समोर रस्त्यावरून उन्नत रेल्वे धडधडत जायची. ‘बँडस्टँड’ हा तिथला दुपारचा कार्यक्रम. जुलै १९५६ मध्ये डिक क्लार्क हा सव्वीस वर्षांचा, शाळेतल्या आवडत्या सरांसारखा दिसणारा निवेदक त्याचा सूत्रधार झाला. ५ ऑगस्ट १९५७ पासून एबीसी वाहिनीने हा कार्यक्रम देशभर दाखवायला सुरुवात केली. कार्यक्रमाचं तंत्र अगदी साधं होतं. शाळा सुटली की पोरंपोरी स्टुडिओबाहेर रांग लावत. आत शिरायचं तर मुलग्यांना कोट आणि टाय हवा, मुलींना पँट चालायची नाही. रेकॉर्ड लागायची, पोरं नाचायची, कॅमेरा त्यांच्यावर फिरायचा. मध्येच एखादा गायक यायचा आणि आपल्याच रेकॉर्डवर ओठ हलवून जायचा. खरं गाणं तिथे जवळपास नव्हतंच. नव्या रेकॉर्डला दोन-तीन मुलांकडून गुण देवविले जायचे, कमीत कमी ३५ आणि जास्तीत जास्त ९८. गाण्याचा ठेका चांगला आहे आणि नाचायला सोपं आहे, एवढीच समीक्षा सहसा व्हायची. मला तर ती बऱ्याच छापील समीक्षणांपेक्षा प्रामाणिक वाटते.

कार्यक्रमाचे खरे नायक गायक नव्हतेच. रोज येणारी, टीव्हीमुळे चेहरे ओळखीची झालेली काही साधी मुलंमुली होती. देशभरातून त्यांना पत्रं यायची. कोणाचं कोणाशी जुळलंय, कोण आज कोणाबरोबर नाचलं नाही, याकडे नेब्रास्कातल्या मुलींचं बारीक लक्ष. जवळच्या कॅथलिक शाळेतल्या मुली गणवेश झाकायला वरून स्वेटर घालायच्या आणि आतली गोल कॉलर तेवढी बाहेर दिसायची. प्रेक्षकांना वाटलं, फिलाडेल्फियाची हीच नवी फॅशन आहे. झालं, तशा कॉलरी देशभर दिसू लागल्या. शाळेच्या गणवेशाने फॅशन घडवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

या हसऱ्या चित्रात एक गोष्ट पद्धतशीर गाळलेली होती. स्टुडिओच्या आसपासच्या वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबांची संख्या वाढत होती, पण नाचणाऱ्यांत त्यांची मुलं जवळजवळ दिसत नव्हती. दारावर पाटी नव्हती. प्रवेशासाठी आधी पत्र पाठवायचं, त्यावर नाव आणि पत्ता असायचा, आणि चाळणी तिथेच लागायची. क्लार्कने नंतर अनेक वर्षं सांगितलं की आपण १९५७ मध्येच हा भेद मिटवला. मॅथ्यू डेलमाँट या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं आणि तेव्हाच्या मुलांच्या आठवणी धुंडाळून दाखवून दिलं की हे खरं नाही. स्टेजवर कृष्णवर्णीय गायक चालत होते. खाली त्यांच्याच गाण्यावर नाचायला त्यांच्या वस्तीतली पोरं नको होती.

स्टुडिओ फिलाडेल्फियात, म्हणून गायकही तिथलेच तयार होऊ लागले. फ्रँकी अ‍ॅव्हलॉन आणि फेबियन मार्कुचीच्या चॅन्सलर कंपनीचे, बॉबी रायडेल कॅमिओ कंपनीचा. तिघेही दक्षिण फिलाडेल्फियाच्या इटालियन वस्तीतले. आदल्या दिवशी ध्वनिमुद्रण करावं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्टुडिओत जाऊन देशाला ऐकवावं इतकं सगळं हाताशी. कोंबड्यांच्या दुकानात काम करणारा अर्नेस्ट इव्हान्स हाही याच शहरातला. क्लार्कच्या बायकोने फॅट्स डॉमिनोच्या नावावर कोटी करून त्याचं ‘चबी चेकर’ असं बारसं केलं. हँक बॅलर्डने लिहिलेलं आणि आधीच गायलेलं ‘द ट्विस्ट’ चेकरकडून पुन्हा गाऊन घेतलं गेलं. नक्कल इतकी हुबेहूब की रेडिओवर ऐकताना खुद्द बॅलर्डला ते आपलंच वाटलं. हे गाणं १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९६२ च्या जानेवारीत पुन्हा एकदा गेलं, कारण तोवर पोरांचा नाच आईबापांनीही उचलला होता. जोडीदाराचा हात न धरता नाचायचं, ही सवय तिथून पडली.

क्लार्क हे सगळं केवळ हौसेने करत नव्हता. १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने ‘पेओला’ची, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्यासाठी रेडिओवाल्यांना दिल्या जाणाऱ्या लाचेची चौकशी लावली. तेव्हा उघड झालं की रेकॉर्ड कंपन्या, गाण्यांचे प्रकाशक, तबकड्या छापणारे कारखाने अशा ३३ उद्योगांत त्याचे हितसंबंध होते. म्हणजे गाणं वाजवणारा तोच आणि वाजलेल्या गाण्यातून कमावणाराही तोच. वाहिनीच्या सांगण्यावरून त्याने ते हितसंबंध सोडले, एप्रिल १९६० मध्ये समितीपुढे नम्रपणे साक्ष दिली आणि अध्यक्षांची शाबासकी घेऊन बाहेर पडला. अ‍ॅलन फ्रीडचं नशीब वेगळं निघालं. ‘रॉक अँड रोल’ हे नाव घराघरांत पोचवणारा निवेदक तो हाच. त्याने आपल्या केंद्राला हवं ते प्रतिज्ञापत्र द्यायला नकार दिला, नोकरी गेली, पुढे गुन्हा कबूल करून ३०० डॉलर दंड भरला आणि १९६५ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी तो वारला. दोघांपैकी कोणी धुतल्या तांदळाचा नव्हता. पण एकाला कॅमेऱ्यासमोर आणि समितीसमोर गोड हसता येत होतं.

फ्रीडचं नाव निघालं की फ्रँकी लायमनचं काढावंच लागतं. फ्रीडचा टीव्हीवरचा कार्यक्रम आधीच, १९५७ मध्ये बंद पडला होता आणि त्याला निमित्त झाला हा चौदा वर्षांचा मुलगा. कार्यक्रमाच्या भरात तो एका गोऱ्या मुलीबरोबर नाचला. दक्षिणेकडच्या केंद्रांनी गदारोळ केला आणि वाहिनीने कार्यक्रमच गुंडाळला.

लायमन न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. तो ज्या गटात गायचा त्यातली दोन मुलं त्याच्यासारखीच कृष्णवर्णीय, दोन पोर्तोरिकन. शाळा सुटल्यावर कोपऱ्यावर, जिन्यात, जिथे आवाज घुमेल तिथे गायचं हाच यांचा रियाज, कारण वाद्यं घ्यायला पैसे नव्हते. गटाचं नाव ‘द टीनएजर्स’. जानेवारी १९५६ मध्ये त्यांचं ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ आलं तेव्हा लायमन तेरा वर्षांचा होता. आवाज अजून फुटलेला नव्हता. उंच, धारदार, जराही न डगमगणारा. गाणं अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ब्रिटनमध्ये पहिल्या. शाळकरी मुलं नुसती ऐकणारी न राहता गाणारीही होऊ शकतात हे या एका रेकॉर्डने सिद्ध केलं. पुढच्या कित्येक गटांनी त्याची नक्कल केली.

वर्षभरातच लायमनला गटापासून तोडून एकट्याला उभं केलं गेलं. मग जे व्हायचं तेच झालं, आवाज फुटला. ज्या एका गोष्टीवर दुकान चाललं होतं ती निसर्गानेच काढून घेतली आणि पुढचा विचार कोणी केलेला नव्हता. हेरॉईनच्या अतिसेवनाने फेब्रुवारी १९६८ मध्ये तो आजीच्या घरी मेलेला सापडला. वय पंचवीस. गाण्याच्या श्रेयात त्याच्या जोडीला नाव होतं रेकॉर्ड कंपनीच्या मालकाचं, जॉर्ज गोल्डनरचं, आणि नंतर ती जागा मॉरिस लेव्ही या दुसऱ्या धंदेवाल्याने घेतली. गटातले हर्मन सँटियागो आणि जिमी मर्चंट म्हणत होते की गाणं मुळात आमचं आहे. १९९२ मध्ये ज्युरीने ते मान्य केलं. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. दावा लावायची मुदत टळून गेली होती, एवढंच कारण.

या काळाला पाणचट म्हणणारे बहुधा मुलग्यांचीच गाणी मोजतात. मुलींकडे वळलं की चित्र बदलतं.

न्यू जर्सीतल्या पसेइक गावी चार मैत्रिणींनी एक गाणं रचलं आणि शाळेच्या कार्यक्रमात गायलं. वर्गातल्या एका मुलीने त्यांच्या मागे लकडा लावला, माझ्या आईला ऐकवा म्हणून. त्या आईने, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग या गृहिणीने, त्यांच्यासाठी छोटी रेकॉर्ड कंपनी सुरू केली. पुढे त्यातून ‘सेप्टर’ ही चांगली मोठी कंपनी उभी राहिली. मुलींच्या गटाचं नाव ‘द शिरेल्स’.

त्यांना गाणी पुरवणारी मंडळी बसायची न्यूयॉर्कच्या १६५० ब्रॉडवे या इमारतीत. डॉन कर्शनर या चोविशीतल्या तरुणाने अल नेव्हिन्सबरोबर १९५८ मध्ये तिथे ‘अल्डन म्युझिक’ काढली होती. खुराड्याएवढ्या खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि आत गीतकार-संगीतकारांच्या जोड्या. भिंती इतक्या पातळ की शेजारच्या जोडीची चाल ऐकू यायची. नऊ ते पाच नोकरी करावी तशी इथे प्रेमगीतं लिहिली जायची. त्यांतलीच एक जोडी कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन. कॅरोलचं लग्न सतराव्या वर्षी झालं, अठराव्या वर्षी ती आई झाली. जेरी दिवसभर रसायनांच्या कंपनीत नोकरी करायचा आणि रात्री शब्द लिहायचा.

१९६० मधली गोष्ट. शिरेल्ससाठी गाणं तातडीने हवं होतं. कॅरोलने चाल टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली, सोबत नवऱ्यासाठी चिठ्ठी ठेवली आणि ती माहजाँग खेळायला निघून गेली. जेरी कामावरून आला, त्याने टेप ऐकली आणि शब्द लिहून काढले. ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणं असं झालं. शिरेल्सची मुख्य गायिका शर्ली ओवेन्स हिला ते आधी आवडलंच नाही. फार गावरान वाटतंय म्हणाली. मग व्हायोलिन-चेलो घालायचं ठरलं. कॅरोलने तंतुवाद्यांची स्वरलिपी कशी लिहितात हे सांगणारं पुस्तक मिळवलं आणि स्वतःच वाद्यमेळ बसवला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ताल मनासारखा पडेना म्हणून टिंपनीवरही तीच उभी राहिली.

गाण्यातली मुलगी मुलाला एकच विचारते आहे. आज रात्री जे वाटतंय ते उद्या सकाळी टिकेल का? १९६० मध्ये, ज्या वर्षी अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली त्याच वर्षी, हा प्रश्न फार टोकदार होता. मुलगी लाजत नाही, नाही म्हणत नाही आणि फसतही नाही. ती हिशेब विचारते. मागे इतर तिघींचे आवाज आहेत, खोलीत मैत्रिणी बसल्या असाव्यात तसे. शब्द एका पुरुषाने लिहिलेत ही त्यातली गंमत. पण ते शर्लीच्या, किंचित घसरणाऱ्या, मुद्दाम न सजवलेल्या आवाजात ऐकलं की लिहिणारा कोण याचा विसर पडतो. एल्विसच्या गाण्यांत बंड होतं, यात नाही. पण इतक्या शांतपणे इतकं अवघड काही विचारणारं गाणं त्या बंडखोरांकडेही मला सापडत नाही. १९६१ च्या सुरुवातीला ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाने तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. गॉफिनने नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी या जोडप्याची मुलं सांभाळणारी तरुणी, लिटल इव्हा, त्यांच्याच ‘द लोको-मोशन’मुळे पहिल्या क्रमांकाची गायिका झाली.

इंग्लंडमध्ये ही गाणी मन लावून ऐकली जात होती. १९६३ मध्ये आलेल्या बीटल्सच्या पहिल्या एलपीवर शिरेल्सची दोन गाणी आहेत आणि गॉफिन-किंग यांचंही एक आहे. हीच मंडळी फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्कला उतरली आणि त्यांनी अमेरिकी याद्यांवर कब्जा केला. त्याच सुमारास ‘बँडस्टँड’ लॉस एंजेलिसला हलला आणि फिलाडेल्फियाच्या गायकांच्या दारातला स्टुडिओ गेला. अ‍ॅव्हलॉन, फेबियन आणि रायडेल १९८५ पासून ‘गोल्डन बॉइज’ म्हणून पुन्हा एकत्र दौरे करू लागले. श्रोते त्यांच्याच वयाचे.

शिरेल्सच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना सांगण्यात आलं होतं की तुमची कमाई विश्वस्त निधीत जमा होते आहे, एकविसाव्या वर्षी हातात पडेल. १९६३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की असा निधीच नाही. कोर्टकज्जे झाले आणि १९६५ मध्ये तडजोड झाली. कॅरोल किंगने १९७१ च्या ‘टॅपेस्ट्री’ या एलपीवर ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ स्वतः गायलं, कितीतरी संथ लयीत. त्या एलपीच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. अमेरिकेच्या कायद्यात साध्या रेडिओ केंद्राने गाणं वाजवलं तर गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना मानधन मिळतं, गाणाऱ्यांना नाही. शर्ली ओवेन्सच्या आवाजातलं ते गाणं तिथल्या रेडिओवर आजही लागतं. पैसे लिहिणाऱ्यांकडे जातात.